'स्ट्राँग' गोळीचा हट्ट नको

"डॉक्टर, जरा स्ट्राँग गोळी द्या," ही मागणी दवाखान्यात रोजचीच. काही जण तर साध्या सर्दीसाठी दुकानातून ॲमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल परस्पर घेऊनच येतात. हा हट्ट घातक का, हे समजण्यासाठी हे औषध काम कसे करते ते पाहू.

जीवाणूच्या पेशीभोवती एक मजबूत भिंत असते. माणसाच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही बीटा-लॅक्टम या एकाच घराण्यातील औषधे. भिंतीचे धागे जोडणाऱ्या एन्झाइमला चिकटून ती त्याला निकामी करतात. भिंत कच्ची राहते आणि वाढता जीवाणू फुटून मरतो. सर्दी-पडसे होते विषाणूंमुळे. त्यांना अशी भिंतच नसते, मग औषध करणार काय?

जीवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच, १९४० मध्ये, ते नष्ट करणारे एन्झाइम अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांना जीवाणूंत आढळले होते. बीटा-लॅक्टमेज नावाची अशी एन्झाइम्स औषधाच्या रेणूतील कडेच फोडतात. त्यांना अडकवण्यासाठी ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आले. आता त्यालाही दाद न देणारी एन्झाइम्स आहेत.

सर्दीसाठी घेतलेली कॅप्सूल आपल्या आतड्यातील जीवाणूंपैकी दुबळे तेवढे मारते. एन्झाइमवाले उरतात, वाढतात आणि आपली ही शक्ती इतर जातींच्या जीवाणूंनाही देतात. पुढे लघवीचा जंतुसंसर्ग झाला की साधी गोळी लागू पडत नाही. मग इंजेक्शने, रुग्णालय आणि न झेपणारा खर्च.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. रुग्ण दुसरीकडे जाईल या भीतीने प्रतिजैविक लिहिणारे डॉक्टर आणि चिठ्ठीविना ते देणारे दुकानदार तितकेच जबाबदार आहेत. २०१४ पासून सेफिक्झिमसारख्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. पण कायद्याला ग्राहकाची साथ हवी.

तेव्हा एवढे पाळा. प्रतिजैविक मागून घेऊ नका. दिले असेल, तर सांगितलेले दिवस आणि सांगितलेल्या वेळी घ्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. सर्दीला विश्रांती आणि भरपूर पाणी पुरते. धाप लागली किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर मात्र दवाखाना गाठा.