गाडी गेली, शब्द का जावेत?

‘टांगे गेले, त्यांचे शब्दही आता कोशातून काढावेत,’ असा उपदेश वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या होडीत एका पदवीधराने आम्हांस केला. आम्ही त्यास इतकेच विचारले, की होड्यांना यंत्रे लागली म्हणून कोळ्यांनी ‘शीड’ हा शब्द खाडीत बुडविला काय?

मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली व १९०५ साली बंद पडली. व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविल्या. मुक्या जनावराचे हाल थांबविणारा तो निर्णय आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु न्यायालयाने घोडा सोडविला. भाषेतून लगाम, तोबरा व झापडे हद्दपार केली नाहीत! दाण्याची पिशवी घोड्याच्या तोंडास बांधीत, तो तोबरा. आज माणसेही तोबरे भरतात. घोड्याने आजूबाजूस पाहू नये म्हणून डोळ्यांशी लावीत, ती झापडे. मूळ वस्तू कोशातही उरली नाही, तर असले प्रयोग पुढील पिढीस केवळ पोकळ ध्वनी वाटतील.

मढच्या धक्क्यावर उतरताना तो गृहस्थ आम्हांस रागाने ‘झापडबंद’ म्हणाला. शब्द गाडीच्या घोड्याचाच होता!