दगडी कुंपणे आणि आपले निसर्गप्रेम

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील पदभ्रमंतीची मराठी वर्णने एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटतात. टेकड्यांच्या हिरव्या लाटा, मधाच्या रंगाची दगडी घरे, चरणाऱ्या मेंढ्या आणि शेवटी ‘इथे काळ जणू थांबला आहे’ हे ठरलेले वाक्य. ते वाक्य खोटे आहे. निदान साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ते लिहू नये.

कॉट्सवोल्ड्सचेच उदाहरण घेऊ. चिपिंग कॅम्पडेन ते बाथ हा १०२ मैलांचा पायी मार्ग २००७ पासून राष्ट्रीय मार्ग आहे. कॅम्पडेनच्या देखण्या चर्चमागे भाविकता आहे, तसाच मध्ययुगीन लोकरीच्या व्यापाराचा पैसाही आहे. ज्या दगडी कुंपणांवरचे शेवाळ पाहून आपण हळवे होतो, त्यांतील अनेक कुंपणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनी खासगी करताना उभी राहिली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने असे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडची एक पंचमांशाहून थोडी अधिक भूमी आली. गरिबांची चराई गेली, सरपण गेले. जॉन क्लेअर या शेतमजूर कवीने हा विध्वंस स्वतःच्या गावात पाहिला आणि कवितेत मांडला. आपण वर्गात वर्डस्वर्थ रंगवून शिकवतो; क्लेअरचे नाव किती विद्यार्थ्यांच्या कानांवर पडते?

मराठी माणसाला तर या टेकड्या परक्या वाटण्याचेही कारण नाही. याच परिसरात डेल्सफर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जने वाडवडिलांची इस्टेट परत विकत घेतली आणि १८१८ मध्ये तिथेच त्याचे दफन झाले. साल्बाईच्या तहाने १७८२ मध्ये संपलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध त्याच्याच कारकिर्दीतले. जवळच सेझिन्कोट येथे कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने मोगल शैलीचा घुमटदार वाडा बांधला. हिंदुस्थानातला पैसा असा त्या ‘निरागस’ निसर्गात मुरला आहे.

‘फिरायला गेल्यावर राजकारण कशाला?’ हा आक्षेप अपेक्षितच आहे. पण पायाखालची वाट हेच राजकारण आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मुख्यतः मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार मालकांची बंदी मोडून डर्बीशरमधील किंडर स्काउटवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. चालण्याच्या हक्काची चळवळ त्याआधीची आणि त्यानंतरचीही. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर मुक्तपणे हिंडण्याचा हक्क मिळाला. आपला प्रवासलेखक खासगी शेतातून निर्धास्त चालतो, तो या झगड्याच्या पुण्याईवर. आणि लिहितो काय, तर इंग्रज माणूस मोठा निसर्गवेडा!

सौंदर्याचा आनंद घेऊ नये, असे मुळीच म्हणायचे नाही. संहितेतील मौने वाचायला आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो. मग भूमीही एक संहिता आहे, हे सहलीला निघताना का विसरतो? काळ तिथे थांबलेला नाही. थांबले आहे ते आपले वाचन.