कर्ज मुलाच्या नावावर, फी कॉलेजच्या खात्यात आणि लाज आपल्या घरात



इथे आपण बहुतेक जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितो. दांडिया बाजारातले वाडे, सूरसागरचे गणपती, आजोबांची संस्थानातली नोकरी. आज मी जरा वेगळं लिहिणार आहे, आणि थोडं रागानं लिहिणार आहे. वाचून ज्यांना लागेल त्यांना लागू दे.

दोन वर्षांपूर्वी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेव्हा फोन आला. "तुम्ही अमुकचे जामीनदार ना? तीन हप्ते थकलेत." अमुक म्हणजे माझा सख्खा भाचा. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, कुणाचा रुपया बाकी ठेवला नाही, आणि म्हातारपणी हे ऐकावं लागलं. पहिला राग अर्थातच पोरावर काढला. ताईला फोन करून नको ते बोललो. ती रडली. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, हप्ता कधी सुरू झाला तेच मला कळलं नाही."

थाप मारतोय असं वाटलं. मग सगळे कागद घेऊन बसलो. पोरगा खरंच बोलत होता.

हिशेब सांगतो. २०१७ साली इंजिनीअरिंगला प्रवेश, वर्षाला १ लाख ६० हजार असं चार वर्षांचं ६ लाख ४० हजारांचं कर्ज. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. आमच्या घरात याचा अर्थ "तोपर्यंत काही भरायचं नाही" असा घेतला गेला. पण व्याज थांबत नसतं. सोयीसाठी दहा टक्के सरळ व्याज धरा. २०२२ च्या मध्यापर्यंत ते २ लाख २४ हजार झालं आणि मुदलात मिळालं. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी डोक्यावर ८ लाख ६४ हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ११ हजार ४०० च्या वर. पोराची मकरपुऱ्यातली पहिली नोकरी १४ हजारांची! आता सांगा, कुणी फेडायचं आणि कसं?

हेच व्याज शिकतानाच भरत गेलो असतो तर पहिल्या वर्षी महिन्याला १,३३३ रुपये पडले असते. दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. पहिली दोन वर्षं तरी मी पेन्शनमधून हसत भरले असते. असं नियमित व्याज भरणाऱ्याला बँका व्याजदरात एक टक्का सूटही देतात.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. २००९ पासून केंद्र सरकारची योजना आहे. घराचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर अभ्यासक्रमाच्या आणि सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. दाजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान, उत्पन्न तीन लाखसुद्धा नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत दिला असता तर त्या व्याजाचा मोठा भाग आमच्या माथी आलाच नसता. एका कागदाची गोष्ट होती. कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. ज्या कॉलेजात भाचा शिकला त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते एकटं नाही. फीची रक्कम बँक दरवर्षी थेट कॉलेजच्या खात्यात जमा करत होती. कर्ज मंजूर व्हायला लागणारं फीपत्रक आणि प्रवेशाचं पत्र कॉलेजनं एका दिवसात दिलं. म्हणजे कर्ज उभं करताना कॉलेज हजर. पैसे घेताना हजर. हप्ता सुरू व्हायच्या वेळी मात्र कॉलेज कुठेच नाही. या व्यवहारात बँकेला धोका आहे, मुलाला आहे, जामीनदाराला आहे. धोका नाही तो फक्त कॉलेजला. आणि नोकऱ्या खरोखर किती मुलांना लागतात, किती पगाराच्या लागतात, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? कॉलेजलाच. तरी जाहिरातीत छापतात तो एकाच मुलाचा सर्वात मोठा पगार.

कुणी म्हणेल, "कॉलेजचं काम शिकवण्याचं, वसुलीचं नव्हे." बरोबर. वसुली करा असं मी म्हणतच नाही. पण सतरा वर्षांच्या पोराला हॉस्टेलची नियमावली तासभर वाचून दाखवता, तर कर्जाचा हप्ता समजावायला तासभर का निघत नाही? दुसरे म्हणतील, "सही केली तर वाचायला नको?" हवंच. मीही सही केली, मीही वाचलं नाही. माझी चूक कबूल आहे. पण दरवर्षी नव्या घरातून तीच चूक होत असेल, तर दोष फक्त घरांचा उरत नाही.

अमेरिकेत सरकारी कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला आणि कॉलेज सोडताना कर्जाबद्दल समजावून सांगण्याची सोय कॉलेजला कायद्यानं करावीच लागते. एखाद्या कॉलेजच्या कर्जदारांपैकी ३० टक्के किंवा जास्त लोक सलग तीन गटांत थकबाकीदार निघाले, तर त्या कॉलेजची सरकारी कर्जाची पात्रता जाऊ शकते. तिथेही पळवाटा आहेत. काही कॉलेजांनी मुलांना हप्ते नुसते पुढे ढकलायला लावून आपला आकडा सुंदर दाखवला, मुलांचं व्याज मात्र वाढत राहिलं. म्हणून नुसता आकडा मोजून भागत नाही. पण निदान कॉलेजला प्रश्न तरी विचारला जातो. आपल्याकडे तोही नाही.

बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले. या शहरानं त्यांना राहायला खोलीही दिली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकललं. ते गेले. करार त्यांनी मोडला म्हणायचं की शहरानं? भाच्याची तुलना त्यांच्याशी करत नाही, तेवढा मूर्ख नाही. एवढंच म्हणतो की शिकायला पैसा देऊन भागत नाही. शिकून आलेला माणूस पायावर उभा राहील, हेही कुणीतरी बघावं लागतं.

कॉलेजांना जमण्यासारखं सांगतो, फार खर्च नाही. प्रवेशाच्या दिवशी एका कागदावर लिहून द्या: एवढं कर्ज, एवढं व्याज, एवढा हप्ता, आणि आपल्या मुलांचा मधला पगार एवढा. सर्वात मोठा नको, मधला. व्याज सवलतीच्या दाखल्याची आठवण दरवर्षी द्या. मध्येच कॉलेज सोडणाऱ्याला आधी बोलावून घ्या, कारण त्याच्याकडे डिग्री नसते आणि कर्ज मात्र असतं. शेवटच्या वर्षी बँकेच्या माणसाला बोलवा आणि प्रत्येकाच्या हातात पहिल्या हप्त्याची तारीख द्या. पत्ता, मोबाइल बदलला तर बँकेला कळवायला सांगा. आमच्या ताईनं वाडा सोडून वाघोडिया रोडला घर घेतलं, सगळ्या नोटिसा जुन्या पत्त्यावर पडून राहिल्या. आणि निकालानंतर दोन वर्षं तरी मुलांना फोन करा. देणगी मागायला करताच की!

आपल्यातले कितीजण कॉलेजांत शिकवतात, काहीजण ट्रस्टी आहेत. येत्या जूनपासून यातलं एक तरी सुरू करा. माझ्यावर रागावलात तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरी हप्ता थकलाय त्यांना हात जोडून सांगतो, लपवू नका. आपल्या लोकांत लाज फार, "काय म्हणतील" फार. नव्वद दिवस उलटायच्या आत बँकेत जाऊन बसा आणि मुदत वाढवून मागा. आम्ही उशिरा गेलो. थकलेले हप्ते मी भरले, मुदत पंधरा वर्षं करून घेतली, हप्ता ९,३०० च्या आत आला. भाचा आता भरतोय. पण तीन महिन्यांचा तो डाग त्याच्या सिबिलवर बसलाच.

ताईची माफी मागितली. तिनं काही न बोलता चहा टाकला.