सोलापूरकरांनो, नुसत्या पेशी मोजू नका

नळाला पाणी काही दिवसांआड येते. म्हणून हद्दवाढ भागापासून विडी घरकुलापर्यंत घराघरांत बॅरल, हौद, घागरी भरलेल्या असतात, आणि त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. ताप आला की आपण लॅब गाठतो, हे चांगलेच. माझी कळकळीची विनंती आहे ती रिपोर्ट हाती आल्यानंतरची.

रिपोर्ट मोबाईलवर येतो. ठळक छापलेला आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आणि घरात एकच घोष सुरू होतो: पेशी कमी झाल्या! मग पपईच्या पानांचा रस, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, रक्तपेढीचे हेलपाटे. या पेशी, म्हणजे प्लेटलेट, दीड लाखाच्या खाली गेल्या तर लक्ष ठेवायलाच हवे. पण रक्तस्राव नसेल तर त्या १० हजारांच्या खाली जाईपर्यंत पेशी चढवण्याची सहसा गरज नसते. शिवाय नळीत पेशींच्या गुठळ्या झाल्या तर मशीन त्या कमी मोजते. अशा वेळी काचपट्टीवर पुन्हा पाहायला सांगा.

डेंग्यूत जीवावर बेतते ते बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने. रक्त दाट होते, आणि त्याची खूण त्याच कागदावर असते: एचसीटी किंवा पीसीव्ही. परवा ४० असलेला हा आकडा आज ४८ झाला, तर तो वीस टक्के वाढला. पेशी कितीही असोत, हा धोक्याचा इशारा आहे. एकट्या रिपोर्टवरून ही वाढ दिसत नाही. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, सगळे सोबत न्या.

हे पाझरणे बहुधा ताप उतरताना सुरू होते. ताप गेला म्हणून माणूस लूमवर कामाला जातो, आणि पुढचे २४ ते ४८ तासच सर्वांत जोखमीचे असतात.

ताप कधी सुरू झाला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. एनएसवन चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, असे समजू नका. विडाल एकदाच पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर टायफॉईड ठरत नाही. जुन्या संसर्गानेही ती तशी येते. टायफॉईडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चरबद्दल डॉक्टरांना विचारा.

तापात लघवी तपासायला सांगितली, तर नमुना घेण्यातही काळजी हवी. सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्या आणि तासाभरात लॅबला पोचवा. नाहीतर नसलेला संसर्ग कागदावर दिसतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे, मुलाला सहा तासांत लघवी न होणे, यातले एक जरी दिसले तरी रिपोर्टची वाट पाहू नका. जवळचे रुग्णालय गाठा, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलला या. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी निघा.