पर्यावरण-परिषद बांधावर भरावी

विद्यार्थ्यांनी पर्यावरणाच्या कार्यात पुढारीपण घ्यावे, या हेतूने अलीकडे एकेका दिवसाच्या परिषदा भरू लागल्या आहेत. २१ सप्टेंबर २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघानेही न्यूयॉर्क येथे तरुणांची हवामान-परिषद भरविली होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या अर्जावर हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून तो पुस्तकांत स्थिरावला. बांधावर मात्र अद्याप पुरता आलेला नाही. अशी परिषद अकलुजास भरल्यास तिचा दिवस कसा जावा, याविषयी आमचे मत येथे मांडीत आहो.

अकलूज हे नीरेकाठचे गाव. सोलापूर जिल्ह्यात वर्षास सरासरी ५०० ते ५५० मि. मी. पाऊस पडतो, उसास मात्र पीक तयार होईपर्यंत १,५०० ते २,५०० मि. मी. पाणी लागते. ही तूट नीरेचा उजवा कालवा, विहिरी व कूपनलिका भरून काढतात. या पाण्याने आपली घरे उभी राहिली व मुले शिकली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत तेच पाणी मुरत राहिले म्हणजे क्षार वर येतात, आणि बापाने पिकविलेले रान मुलाच्या हाती पांढरे होऊन पडते. सामू ८.५ च्या वर व विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ हून अधिक झाले, की जमीन चोपण ठरते. मग जिप्सम व चर यांचा खर्च चुकत नाही. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ नाही. ते रानात उतरत नाही, ही खरी उणीव आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की परिषदेची सकाळ शेतात जावी. विद्यार्थ्यांनी तीन फुटांचा खड्डा घेऊन मातीचे थर पाहावे, शेतात ठिकठिकाणची माती मिसळून नमुना तयार करावा, विहिरीच्या पाण्याची खोली मोजावी व पंप किती तास चालतो ते लिहून घ्यावे. दुपारी पाचटाचा हिशेब करावा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते व त्यात नत्र शेकडा अर्ध्याच्या सुमारास असते. म्हणजे काडी लावणारा शेतकरी चाळीस ते पन्नास किलो नत्र धुरात घालवितो आणि पुढे तेच पोत्यांनी विकत आणतो. सभागृह संध्याकाळी उघडावे. तेथे भाषणांऐवजी हे आकडे वाचले जावेत आणि ज्याचे शेत त्याने उत्तर द्यावे.

यावर आक्षेप येईल, की चार बुके शिकलेल्या पोरांनी जन्मभर शेती केलेल्यास काय शिकवावे? आक्षेप अगदीच निराधार नाही. उसाच्या दराची, मजुरांच्या टंचाईची व रात्रीच्या विजेची गोष्ट ज्यास ठाऊक नाही, त्याने पाचट जाळणाऱ्यास दोष देण्याची घाई करू नये. खोडव्याच्या मशागतीची निकड असता माणूस काडी का लावतो, हे त्याने आधी विचारावे. परंतु या विद्यार्थ्यांत पुष्कळसे आपलेच आहेत. उद्या ज्यांच्या नावे सातबारा होणार, त्यांस आजच जमिनीची प्रकृती विचारण्याचा अधिकार आहे. आपण त्यांस हसण्यावारी नेले, तर ते नोकरीकडे वळतील आणि बिघडलेले रान तेवढे मागे राहील.

विद्यार्थ्यांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोप लावून छायाचित्र काढणे हे पुढारीपण नव्हे. त्याच शेतात पुढल्या वर्षी परत येऊन तीच विहीर व तीच माती पुन्हा मोजणे, हे पुढारीपण होय. एका दिवसाच्या परिषदेने जमीन सुधारत नाही. मात्र पाच वर्षांची नोंदवही हाती असली, तर पाणी किती खाली गेले व क्षार किती वर आले, यावर वाद उरत नाही.

याकरिता वाचकांस आमची विनंती एवढीच, की जवळच्या महाविद्यालयास आपले एक शेत व एक विहीर या कामासाठी खुली करून द्यावी. चांगली असेल ती नको. बिघडत चाललेली द्यावी.