अभय कुणाला?

महानगरपालिकेची तिजोरी रिकामी होऊ लागली की प्रशासनाला थकबाकीदारांची आठवण होते आणि ती बहुधा जप्तीच्या नोटिशीपेक्षा ‘अभय योजने’च्या रूपानेच प्रकट होते. पुणे महानगरपालिकेने २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळकतकराच्या थकबाकीवरील शास्तीत ८० टक्के सूट दिली. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा ७५ टक्के सूट देणारी योजना आली. अशा वेळी रक्कम जमा होते, आकडे प्रसिद्ध होतात आणि हा व्यवहार फायद्याचाच झाला अशी सर्वांची समजूत होते. तो कोणाच्या फायद्याचा, हे मात्र एकदा कागदावर मांडून पाहिले पाहिजे.

मुदतीत न भरलेल्या मिळकतकरावर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती आहे. दहा हजार रुपये वर्षभर थकविणाऱ्याच्या नावे २,४०० रुपये चढतात. त्यांत ८० टक्के सूट मिळाली की उरतात ४८०. ७५ टक्के मिळाली तर ६००. याचा अर्थ, दहा हजार रुपये वर्षभर वापरल्याचे व्याज अनुक्रमे ४.८ आणि ६ टक्के पडले. मुदत ठेवीवर सामान्य ठेवीदाराला जवळपास एवढेच मिळते. या दराने वैयक्तिक कर्ज तर कोणतीही बँक देणार नाही. शिवाय येथे तारण नाही, जामीनदार नाही, साधा अर्जही नाही! कडक शास्तीचा धाक घालणारी महापालिका प्रत्यक्षात शहरातील सर्वांत स्वस्त सावकार ठरते.

उलट, ३१ मेच्या आत रांगेत उभा राहून पैसे भरणाऱ्या कारकुनाला काय मिळते? पाच किंवा दहा टक्के सवलत, आणि तीही संपूर्ण बिलावर नव्हे, त्यातील सर्वसाधारण करापुरती.

थकबाकीदारांत खरोखर अडचणीत सापडलेली माणसे असतात, हे मान्यच केले पाहिजे. २०२० हे वर्ष तर टाळेबंदीचे होते. परंतु अभय योजना अडचण विचारीतच नाही. सूट शास्तीच्या प्रमाणात मिळत असल्याने थकबाकी जितकी मोठी आणि जुनी, तितकी देणगी मोठी. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे काही शे रुपये वाचतात. व्यापारी संकुलाच्या मालकाचे काही लाख. पूर्वीच्या योजनांचा लाभ घेतलेल्यांना २०२५ मध्ये वगळण्यात आले, ही गोष्ट स्वागतार्ह खरी. पण तीच ती माणसे पुन्हा दारात येतात, याची ती कबुलीही आहे.

विजेच्या बिलाची रीत याहून निराळी आहे. महावितरणचे बिल एक दिवस उशिरा भरले तरी १.२५ टक्के विलंब आकार लागतो आणि वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. तेथेही २०२२ मध्ये अभय योजना आली, परंतु ती पुरवठा कायमचा तोडलेल्यांसाठी होती. चालू दिव्याखाली बसून माफीची वाट पाहण्याची सोय भाडेकरूला नाही. ती मिळकतदाराला आहे, कारण रस्ता आणि गटार कोणा एकट्यापुरते तोडता येत नाही.

यावर उपाय शास्ती वाढविण्याचा नव्हे. २४ टक्क्यांचा दर इतका चढा आहे की खऱ्या गरजूला तो फेडवत नाही आणि धनिकाला तो कधी भरावाच लागत नाही. दर निम्मा करावा, गरजूंना हप्ते बांधून द्यावेत आणि माफीचा अधिकार मात्र काढून घ्यावा. शास्तीचा दर राज्याच्या कायद्यातच लिहिलेला असल्याने ही दुरुस्ती विधिमंडळालाच करावी लागेल. तिला पहिला विरोध निवृत्त शिक्षकाकडून होणार नाही, व्यापारी संकुलाच्या मालकाकडून होईल.