सगळ्यांना एकच गेज?

मागच्या गॅदरिंगला माझ्या हातून एक अन्याय झाला. तेव्हा तो अन्याय आहे हे कळलंही नव्हतं. आज या पानावर कबूल करून मोकळा होतो.

झालं असं, की हॉस्टेलच्या कार्यक्रमाला कमिटीने मला परीक्षक केलं. (बाकी कुणी तयार नव्हतं. त्याच रात्री मेसमध्ये फीस्ट होती, मग कोण येणार!) एन्ट्री तीन प्रकारच्या : गाणी, ॲनिमेशन आणि मुलांनी स्वतः बनवलेले छोटे गेम्स. मार्कांची शीट मात्र एकच. कल्पकता १०, सादरीकरण १०, तांत्रिक सफाई १०, प्रेक्षकांचा प्रतिसाद १०. ४० पैकी बेरीज करा, नंबर काढा, जेवायला जा.

पहिला आला एक बँड. गिटार सुरात नव्हती, गायक अंतऱ्याला घसरला, पण सगळा हॉल नाचला. दुसरा आला एक गेम. माझ्या रूममेटची ॲनिमेशन फिल्म शेवटून दुसरी. सव्वा मिनिटाची फिल्म होती. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभा असलेला एक कामगार, आणि थंडीत त्याच्या तोंडातून निघणारी वाफ. बस्स. सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे हिशोब करा, ९०० चित्रं. चार महिने रोज रात्री टेबल लॅम्प लावून पठ्ठ्याने ती हाताने काढली होती. मी शीटवर शेरा मारला, 'छान, पण कार्टून वाटते.'

रात्री रूमवर त्याने एवढंच विचारलं, "तू किती वेळा बघितलीस?"

"एकदाच. स्टेजवर लागली तेव्हा."

"आणि त्या बँडने म्हटलेलं गाणं आधी किती वेळा ऐकलं होतंस?"

मी गप्प. ते गाणं मी शाळेपासून ऐकतोय. शेकडो वेळा ऐकलेल्या गाण्यासमोर मी एकदाच बघितलेली फिल्म ठेवली होती, आणि वर त्याला 'समान निकष' म्हणत होतो! तो कूस बदलून झोपला. मला मात्र झोप लागेना.

सुट्टीत मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत ट्रेनिंगला जायचो. तिथे इन्स्पेक्शनला एक काका होते. बोअरसाठी प्लग गेज. 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. विषय संपला. पण जॉबच्या फिनिशसाठी ते गेजला हातही लावत नसत. नमुन्याच्या तुकड्यावरून नख फिरवायचे, मग जॉबवरून फिरवायचे, आणि सांगायचे. शंका आलीच तर मग मशीनवर रीडिंग. मी एकदा म्हटलं, "काका, सगळ्याला एकच काहीतरी नाही का चालणार?" काका हसले. "चालेल की! मग माल परत येईल तेव्हा तू उतरवून घे."

गेम, ॲनिमेशन आणि संगीत यांचं असंच आहे. तिन्हींना हत्यार वेगळं लागतं.

गेम ही वापरून बघायची वस्तू. पहिला प्रश्न 'चालतो का?' त्यामुळे तिथे गो/नो-गो गेज बऱ्यापैकी लागू पडतं. स्टीमवर परीक्षण लिहिताना अंगठा वर किंवा खाली, दोनच पर्याय. पण त्याच परीक्षणाशेजारी लिहिणाऱ्याने तो गेम किती तास खेळला तेही छापलेलं असतं. मला हे फार आवडतं. गाण्याला नावं ठेवणाऱ्याच्या कपाळावर 'एकदा, तेही मोबाईलच्या स्पीकरवर' असं छापलं असतं तर किती भांडणं वाचली असती! शिवाय गेमचा निकाल बदलूही शकतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा इतका अडखळत होता, की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर त्याचंच कौतुक झालं. गाण्याचं उलट. ध्वनिमुद्रण तेच राहतं, बदलतो तो ऐकणाऱ्याचा कान.

आता आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न फसला. तरी मंडळी हटली नाहीत, २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत गेला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, पहाडी चित्रशैलीचा हात, मध्ये मध्ये सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग. परीक्षणं वाचली तर गंमत दिसते. चित्रांना आणि संगीताला भरभरून दाद, आणि लढाई व लांबीपाशी आलं की नाक मुरडलेलं. लढाई ढोबळ, गेम लवकर संपतो, वगैरे. एकाच वस्तूला दोन गेज लावले आणि दोन वेगळी रीडिंग्ज आली. दोन्ही खरी! आमच्या विंगमध्ये मात्र यावर दोन पार्ट्या. एक म्हणते 'आपला आहे, भारीच आहे', दुसरी म्हणते 'बोर आहे'. दोघांनाही बेरीज हवी आहे, रीडिंग नको.

ॲनिमेशनची अडचण निराळी. ते जितकं चांगलं, तितकी मेहनत दिसेनाशी होते. दूरदर्शनवर लागायची ती 'एक अनेक और एकता' आई-बाबांना विचारा. गाणं आजही पाठ असेल. ते चित्रित करणारे भीमसैन आणि दिग्दर्शिका विजया मुळे ही नावं विचारा, उत्तर येणार नाही. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची ती फिल्म. संगीत वसंत देसाईंचं. म्हणजे आपण चित्रं बघितली आणि लक्षात गाणं ठेवलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी आमचा शेरा काय, तर 'कार्टून वाटते'!

मला वाटतं, मूळ दुखणं शब्दांचं आहे. गाण्यासाठी मराठीत शब्दांचं भांडार आहे. सुरेल, कणसूर, समेवर आला, जागा घेतली, तयारीचा गळा. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, पण त्यांनी 'घरंदाज गायकी' हे पुस्तक लिहून (१९६१) घराण्यांची सौंदर्यदृष्टी उलगडून दाखवली. म्हणजे आकडेमोड करणाऱ्याला रसिक होता येतं, इंजिनिअरांनी हे ध्यानात घ्यावं! गेमसाठी आपल्याकडे 'भारी', 'लॅग होतो' आणि 'नर्फ केला' एवढंच. ॲनिमेशनसाठी तर 'कार्टून' आणि 'पोरांचं'. ज्याला शब्द नाहीत त्याचं आपण मोजमाप करत नाही, नुसता अंदाज मारतो.

कुणी म्हणेल, "कशाला एवढं? आवडलं तर आवडलं." मान्य. टाळ्या वाजवायला निकष लागत नाहीत. पण नंबर काढायला लागतात. कारण नंबरामागे कुणाचे तरी चार महिने असतात.

तेव्हा कमिटीला नम्र सूचना. एक, तिन्ही गटांची बक्षिसं वेगळी ठेवा. गाणं आणि गेम यांच्यात पहिला-दुसरा काढणं म्हणजे व्यासाची आणि वजनाची बेरीज. दोन, प्रत्येक गटाला त्या विषयातलं निदान एक माणूस बसवा. तीन, परीक्षकांना एन्ट्री आदल्या दिवशी द्या. फिल्म दोनदा बघू दे, गेम हातात घेऊन हरू दे. आणि 'प्रेक्षकांचा प्रतिसाद' हा रकाना शीटवरून काढून टाका. हॉल कशावरही नाचतो, हे आपण सगळे जाणतो.

मी ती फिल्म नंतर सहा वेळा बघितली. चौथ्यांदा लक्षात आलं, की त्या माणसाची वाफ दर वेळी वेगळी आहे. बसचे दिवे वळणावर दिसतात तेव्हा ती क्षणभर थांबते. तो श्वास रोखून बघतोय, ही आपलीच बस का? हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, "चला, एकाला तरी दिसलं."

यंदा तो एन्ट्री देणार नाही म्हणतोय. त्याला तयार करायचं काम मी अंगावर घेतलंय. शीट बदलायचं काम तुमचं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी